बटणं लागत नाहीत, वाक्यंही अर्धवट... संबंध असतो का?

दुसरीतल्याची_आई: मुलगा सात वर्षांचा. शर्टाची बटणं लावायला अजून झटापट, अक्षर गिचमिड, आणि शाळेत काय झालं विचारलं की सांगता सांगता मधेच सोडून देतो. बाई म्हणतात आळशी आहे. या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध असतो का हो?

थेरपीवाली: आळशी वगैरे नका मनावर घेऊ. भाषेची अडचण असलेल्या बऱ्याच मुलांना हालचालींचाही त्रास असतो, एलिझाबेथ हिल यांनी २००१ मधे आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन हेच दाखवलंय. पण एकामुळे दुसरं होतं असा अर्थ नाही, दोन्ही तपासून घ्या आणि त्याआधी कानांची टेस्ट करा, ती राहूनच जाते.

आजोबा_सातारा: मोबाईल काढून घ्या. सागरगोटे, लगोरी खेळू द्या, आपोआप बोलेल.

थेरपीवाली: काका खेळू द्याच, हात सुधारतील, पण गोष्ट सांगायला तेवढ्याने नाही येणार, त्यासाठी त्याच्याशी निवांत गप्पा माराव्या लागतात आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण न करता थांबावं लागतं.

पाटीपेन्सिल: अक्षराबद्दल एक. कॅरिन जेम्स यांच्या २०१२ च्या प्रयोगात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षर बघून स्वतः काढलं तेव्हा नंतर ते पाहताना मेंदूतला वाचनाचा भाग जास्त जागा झाला, टाईप करून किंवा गिरवून तसं नाही झालं. आपल्याकडे सगळा भर गिरवण्यावरच!

दुसरीतल्याची_आई: कान तपासलेच नाहीत अजून. मुंबईत कुठे?

थेरपीवाली: वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी.