थीसिसमध्ये लोकांना नेमकं काय म्हणायचं? (कैकाडी समाज, व्हीजे-ए आणि बाकीची नावं)

मृदुला_एमए
नमस्कार, मी समाजशास्त्रात एमए करतेय, दुसरं वर्ष. डेझर्टेशनचा विषय आहे कॉलेजला जाणारी कैकाडी मुलं स्वतःला काय म्हणवतात आणि कुठे काय सांगतात. आत्तापर्यंत अकरा मुलाखती झाल्यात. अडचण अशी की "तुझी ओळख काय?" असं विचारलं की समोरचा एकदम ॲडमिशनच्या खिडकीसमोर उभा असल्यासारखा होतो, "व्हीजे-ए" (म्हणजे विमुक्त जाती-अ, आरक्षणातला प्रवर्ग) म्हणतो आणि गप्प. एका मुलीने तर प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेयर असं सगळं काढून सतरंजीवर ओळीने मांडलं. मी म्हटलं अगं हे नको दाखवूस, तर म्हणाली "मग काय बघायचंय तुम्हाला?" मला उत्तरच देता आलं नाही.

गाईड म्हणतात सगळीकडे "विमुक्त जाती" हाच शब्द ठेव, एकसारखं दिसतं. पण अकरा जणांपैकी एकानेही तो शब्द आपणहून तोंडातून काढला नाही. मी काय करू?

सोलापूरचा_दादा
ताई, मी कैकाडीच. तुमच्या त्या मुलीचं मला अगदी पटलं, कारण आपल्याला आयुष्यभर कागदच मागितलेत. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, म्हणजे पोर जन्मलं की गुन्हेगार, त्याने काही केलेलं असो नसो. इकडे सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. माझी आजी तिथलीच. पहिलीत असताना मी घरी येऊन कौतुकाने सांगितलं की मास्तरांनी हजेरी घेतली आणि मी सगळ्यात मोठ्याने हजर म्हणालो, तर आजी ताटावरून उठून गेली. हजेरी हा शब्द तिच्यासाठी शाळेचा नव्हताच, पोलिसांपुढे जाऊन द्यायची ती हजेरी. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्यातून सुटलो म्हणून आपण विमुक्त, आणि म्हणूनच आपण ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो, पण आजीच्या डोक्यातून तो शेवटपर्यंत गेला नाही.

आता दुसरं ऐका. माझी बायको अमरावतीची. विदर्भातल्या अकोला, अमरावती, नागपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत आणि इकडे आम्ही विमुक्त जाती अ. भाषा तीच, टोपलीचा बूड घालायची पद्धत तीच, आणि लग्नाच्या मांडवात नवरी एससी नि नवरा व्हीजे. पोरांना दाखला बापाकडून, म्हणजे माझ्या लेकीच्या आणि तिच्या सख्ख्या मामेभावाच्या फॉर्मवर वेगवेगळा रकाना. दोघं एकाच ताटात जेवतात हो. थीसिसमध्ये एकच शब्द ठेवलात तर हे कुठे बसवणार?

आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजा-पणज्याने टोपल्या, कणग्या विणत गावोगाव पाल टाकलं त्यांनी तो कुठून आणायचा? तेव्हा ती मुलगी फोल्डर का जपते ते समजून घ्या. ते मिळवायला घरातल्या कोणाचे तरी बुडालेले रोज गेलेत.

खडूफळा
मृदुला, मी पीएचडी करताना याच जागी अडकलो होतो म्हणून जरा सविस्तर. "ओळख" हा शब्दच बोलीतला नाही, निदान या अर्थाने नाही. आपल्याकडे कोणी कोणाला ओळख विचारत नाही, आडनाव विचारतात. आणि जाधव, गायकवाड सांगितलं की समोरच्याचं समाधान होत नाही, मग "गाव कोणतं? मूळचे तिथलेच का? मामाकडचं आडनाव काय?" असं वळणं घेत घेत जातीपर्यंत येतात. तुझा प्रश्न हवा तो "रूम बघायला गेलीस तेव्हा घरमालकाने काय काय विचारलं, तू काय सांगितलंस?" असा. मग हॉस्टेल, मग गावची जत्रा, मग पाहुणे. प्रत्येक जागेचं उत्तर वेगळं येईल आणि ते बदलतं कुठे, तोच तुझा डेटा.

थिअरीत तू ताजफेल घेतला असशीलच, माणूस गटावरून स्वतःची ओळख कशी ठरवतो हे मांडणारा मानसशास्त्रज्ञ. कोणती चित्रं आवडतात त्यावरून गट पाडलेत असं शाळेतल्या मुलांना सांगितलं आणि एवढ्या फुटकळ कारणावरूनही मुलं आपल्या गटाला झुकतं माप द्यायला लागली, हा प्रयोग सगळे लिहितात. पण तो माणूस स्वतः पोलंडचा ज्यू होता, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला आणि फ्रेंच म्हणून कैदेत राहिला म्हणून वाचला, पोलिश ज्यू हे कळलं असतं तर संपलाच असता. परत आला तेव्हा घरचे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. कुठे काय सांगायचं हा त्याच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न होता, एवढं लक्षात ठेवून तो वाच.

तांड्यावरची
मी बंजारा, नांदेडकडची. आमचंही तसंच, महाराष्ट्रात व्हीजे-ए, तेलंगणात मावशीकडे एसटी, कर्नाटकात एससी. पण एक सांगू का, आम्ही आपसात गोर म्हणतो आणि बाकीच्या सगळ्यांना कोर. म्हणजे नावं ठेवणारे फक्त सरकार आणि गावातलेच नाहीत, आपल्या माणसांकडेही तुमच्यासाठी नाव असतं. ते विचार ना मुलांना, तुझ्यासारख्या बाहेरच्यांना त्यांच्या घरात काय म्हणतात ते. हसतील आधी, मग बोलतील.

मृदुला_एमए
दादा, आजींचं वाचून बराच वेळ काही टाइप झालं नाही. तुमची परवानगी असेल तर ते नाव गाव न देता घेईन, आणि छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवीन.

गाईडशी बोलले. कायद्याच्या आणि आरक्षणाच्या प्रकरणात विमुक्त जाती, मुलाखतींच्या प्रकरणात ज्याने जो शब्द वापरला तोच, असं ठरलंय. रविवारी त्या मुलीकडे परत जातेय, या वेळी आधी रूमचं विचारते. आणि तांड्यावरच्या ताई, तिच्या घरात मला काय म्हणत असतील तेही विचारते.