गावच्या ग्रामसभेत हिशेब विचारता येतो, मग मुंबईच्या वॉर्डात का नाही?

(एक लेखी चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पूर्वेकडची

आमच्या बिल्डिंगसमोरचा फूटपाथ गेल्या महिन्यात उखडला. चांगला होता. दोन-अडीच वर्षांपूर्वी बसवलेले पेव्हर ब्लॉक, एकही हलत नव्हता. सासूबाई काठी न घेता त्यावरून दूध आणायला जायच्या. सकाळी टेम्पो आला, जुने ब्लॉक भरून घेऊन गेला. दुपारी वाळू पसरली, दोरी ताणली आणि संध्याकाळपर्यंत लाल-करडे नवे ब्लॉक बसले. गुलमोहराच्या बुंध्यापर्यंत सिमेंट लिंपलं, मुळांना पाणी जायला बोटभर जागा ठेवली नाही. मुकादमाला विचारलं, "दादा, चांगला होता की, का काढला?" तो म्हणाला, "ताई, ऑर्डर आहे तेवढं करायचं. मार्चच्या आत बिल लागलं पाहिजे."

त्याच फूटपाथच्या टोकाला वस्तीचं सार्वजनिक शौचालय आहे. बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या दाराला कडी नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पहाटे पाचला मुलीला उठवून सोबत नेतात. आई आत, लेक बाहेर दार धरून. मग लेक आत, आई बाहेर. ती मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षेच्या दिवशीसुद्धा तिची पहाट दार धरण्यात गेली.

आता गावची गोष्ट. जानेवारीत जत्रेला म्हणून सिंधुदुर्गात गेले होते, २६ तारखेला शाळेच्या पडवीत ग्रामसभा होती. माझं नाव मुंबईच्या मतदारयादीत, त्यामुळे मी नुसती ऐकायला बसले. ग्रामसेवकांनी वाडीतल्या पाखाडीचा (पायऱ्यांच्या वाटेचा) खर्च वाचला, त्यात सिमेंट चाळीस पोती. माझी चुलती उठली, वय सत्तरच्या पुढे, शिक्षण चौथी. म्हणाली, "चाळीस खंय इली? माझ्या खळ्यात पंचवीसच उतरली. मी मोजलंय." सगळी सभा गप्प. बाकीची पंधरा पोती दुसऱ्या टोकाला उतरली होती असं उत्तर मिळालं, तेव्हा चार माणसं उठून बघायला गेली. ती खरंच तिथे लागली होती. चुलती चुकली म्हणून तिला कोणी हसलं नाही, कारण विचारणं हा तिचा हक्क होता.

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. २०२२ च्या अखेरीस नुसत्या सुशोभीकरणासाठी सुमारे १,७०० कोटींचा कार्यक्रम जाहीर झाला, त्यात दिव्यांच्या खांबांना रोषणाई गुंडाळली गेली. एवढ्या पैशात माझ्या गल्लीचे किती, कशावर, कोणाच्या सांगण्यावरून, हे मला विचारायला जागा नाही. २०११ च्या जनगणनेची सव्वा कोटी लोकसंख्या २२७ प्रभागांत वाटली तरी एका नगरसेवकामागे जवळपास पंचावन्न हजार माणसं येतात. चुलतीच्या गावात दीड हजारसुद्धा नसतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. फूटपाथ, शौचालय, बाग, गटाराची झाकणं, गल्लीतले दिवे ही कामं काढण्याआधी आणि बिल देण्याआधी त्या गल्लीतल्या लोकांसमोर वाचून दाखवली पाहिजेत. क्षेत्रसभा हवी, म्हणजे ग्रामसभेसारखी, प्रभागाच्या छोट्या भागातल्या लोकांची सभा. २००५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेची अटच होती की राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा. महाराष्ट्राने तो केला. तुमच्यापैकी कोणाला क्षेत्रसभेचं बोलावणं आलंय?

निवृत्त उपअभियंता

असहमत. तीस वर्षं हीच कामं केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही फूटपाथ आणि कडी एकमेकांसमोर ठेवलीत, पण महापालिकेत पैसा लेखाशीर्षाने चालतो, म्हणजे ज्या खात्याच्या ज्या कामासाठी मंजूर झाला त्यावरच खर्च होतो. फूटपाथ रस्ते खात्याचा. शौचालय घनकचरा खात्याकडे, आणि वस्तीतलं असेल तर बहुधा वस्ती स्वच्छता कार्यक्रमातलं. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने तो सुरू झाला तेव्हा तत्त्व हेच होतं की पालिकेने बांधायचं आणि वस्तीतल्याच संस्थेने चालवायचं, पास काढायचे, देखभाल करायची. म्हणजे तुम्ही मागता तो लोकसहभाग त्या तिसऱ्या दारापाशी आधीच आहे. कडी तरीही नाही.

दुसरं, चांगला दिसणारा फूटपाथ खालून चांगला असतोच असं नाही. पाण्याची लाइन, केबल, पर्जन्यवाहिनी सगळं त्याखालून जातं. काम काय होतं ते कळल्याशिवाय उधळपट्टी म्हणू नका. कामाच्या जागी फलक लावायचा असतो. कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार, दोषदायित्व कालावधी (बिघाड झाला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ), सगळं त्यावर असतं. होता का? आधीचं काम दोषदायित्वात असताना उखडलं असेल तर ती गंभीर बाब आहे, मग मी तुमच्या बाजूने. बुंध्याला सिमेंट लावणं तर सरळ चूक, झाडाभोवती मोकळी माती ठेवलीच पाहिजे.

पण सभा भरवून अंदाजपत्रक ठरवायचं म्हणाल, तर माफ करा. मी तशा बैठका पाहिल्यात. मोठ्या आवाजाच्या चार माणसांचं काम होतं, बाकीचे घड्याळ बघतात.

हिंदमाताजवळची

मीही विरोधात, आणि माझं कारण पाण्याचं आहे.

आमचं घर दादर-परळच्या सखल भागात, तळमजल्यावर. लग्न होऊन आले तेव्हा खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा होत्या. मला वाटलं सामान ठेवायला उंच केलीय. पहिल्याच पावसाळ्यात कळलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो सगळ्यांच्या लक्षात आहे, पण आमच्याकडे त्याच्या कितीतरी कमी पावसात दरवर्षी गुडघाभर पाणी. शिधापत्रिका, शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, सगळं माळ्यावर.

मग प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्या, पाणी पंपाने तिकडे नेऊन साठवायचं आणि भरती ओसरली की सोडायचं. पाणी अजून भरतं, पण पूर्वीसारखं तासन् तास थांबत नाही. विटा मी काढल्या नाहीत, पण त्यांच्यापर्यंत पाणी येणं कमी झालंय.

आता मला सांगा, त्या बागेशेजारच्या लोकांची सभा घेतली असती तर ते हो म्हणाले असते? दादरच्या बागेत खोदकाम, आणि पाणी परळचं! गल्लीला विचारलं की गल्ली स्वतःपुरतं बघते. शहराला कोणीतरी वरून बघणारं लागतं.

पूर्वेकडची

काका, फलक नव्हता. म्हणूनच माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. निविदा, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) प्रत आणि आधीच्या कामाचा दोषदायित्व कालावधी असं चारच गोष्टींचं मागितलंय. तीस दिवस अजून व्हायचेत. पण बघा, जे मला फूटपाथ उखडायच्या आधी गल्लीत उभं राहून कळायला हवं होतं, ते काम संपल्यावर अर्ज करून कळणार. खालून लाइन टाकायची असती तर चर खणला असता. वाळू पसरायच्या आधी मी बाल्कनीत होते. चर खणला नाही.

शौचालय चालवणारी संस्था वस्तीतली आहे हे खरं. पण तिचा तरी हिशेब कोण वाचतं? पासाचे पैसे दर महिन्याला जमा होतात, जातात कुठे हे पास काढणाऱ्या बायकांना माहीत नाही. याला लोकसहभाग कसं म्हणू? चालवायची जबाबदारी लोकांवर टाकली आणि विचारायची जागा दिली नाही.

हिंदमाताताई, तुमच्या विटा वाचून गलबलून आलं. टाक्या, पंपिंग स्टेशन, मोठे नाले गल्लीच्या सभेत ठरावेत असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. पण वरून बघणाऱ्यावरही कोणाची नजर हवी ना? मिठी नदीच्या गाळउपशात ६५ कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. खरं-खोटं कोर्टात ठरेल. पण गाळाच्या गाड्या किती भरल्या हे नदीकाठी राहणाऱ्याला दिसतं, माझ्या चुलतीला पोती दिसली तशी. निर्णय वर होऊ दे, मोजणी तरी खाली होऊ दे.

जमाखर्च

थोडं कडवट लिहितो.

५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मुंबईतली लाखो कुटुंबं त्यात येतात. कर भरायचा नाही आणि पै-पैचा हिशेब मागायचा, हे मला पटत नाही. दुसरं, ७ मार्च २०२२ ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, खर्च मंजूर करणारी स्थायी समिती नव्हती, सगळे अधिकार प्रशासकाकडे होते. तेव्हा हा प्रश्न योग्य होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, आता नगरसेवक आहेत. हिशेब विचारणं त्यांचं काम. ते करत नसतील तर पुढच्या वेळी घरी बसवा. मध्ये आणखी एक सभा कशाला? आणि ती कडी बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळते, तुम्हीच बसवली असती तर एवढं लिहावं लागलं नसतं.

पूर्वेकडची

बसवली. दोनदा. पहिली आठ दिवस टिकली, दुसरी तीन. दाराची चौकट गंजून भुगा झालीय, स्क्रू धरायला लोखंडच उरलेलं नाही. चौकट बदलावी लागेल, म्हणजे दार बदलावं लागेल, म्हणजे कोणाचं तरी लेखाशीर्ष लागेल.

कराचं म्हणाल तर १ जुलै २०१७ ला जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) गेली, जीएसटी आला, आणि जकातीच्या बदल्यात राज्याकडून पालिकेला दरवर्षी भरपाई मिळते. ती पालिकेच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक आहे. तो पैसा दुकानात बिल देणाऱ्या प्रत्येकाकडून येतो. मावशींनी परवा लेकीसाठी कंपास पेटी घेतली. त्या करदात्या नाहीत असं तुम्ही त्यांच्यासमोर म्हणाल?

नगरसेवकांबद्दल माझी तक्रार नाही, आमच्याकडे तर नव्याच आल्यात. पण पाच वर्षांतून एकदा बोट दाखवायचं आणि मधल्या काळात बोट तोंडावर ठेवायचं, हे मला मान्य नाही.

हिंदमाताजवळची

मोजणी खाली, हे पटलं. निर्णयाबद्दल माझं मत तेच आहे.

भाडेकरू

मी वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण इथे सगळे घरवाले बोलताहेत म्हणून लिहितो.

अकरा महिन्यांच्या करारावर राहतो, नऊ वर्षांत पाच घरं बदलली. मतदारयादीत नाव अजून जालन्यात. क्षेत्रसभा मतदारांची असणार, म्हणजे मी बाहेर. वस्तीतल्या कित्येकांची नावं यादीत नसतात किंवा जुन्या पत्त्यावर असतात, तेही बाहेर. आत कोण? सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी. नव्वदच्या दशकात कचरा वर्गीकरणासाठी गल्ल्यागल्ल्यांत एएलएम, म्हणजे रहिवाशांचे गट, निघाले, घाटकोपरच्या जोशी लेनचं काम चांगलं झालं असं म्हणतात. आमच्या आधीच्या एरियातही तसा गट होता. मी गेलो होतो एकदा. सुरुवात कचऱ्याने झाली आणि तासाभरात विषय भाजीवाल्यांवर आला. त्यांना हटवा, हा एकच ठराव एकमताने झाला. मी ज्या बाईकडून रोज मेथी घेतो ती बाहेर रस्त्यावर बसली होती, तिला कोणी आत बोलावलं नाही.

पूर्वेकडची ताई, तुमची भावना खरी आहे. पण तुमच्या गल्लीची सभा भरली तर पहिला ठराव कडीचा होईल की ते शौचालयच दुसरीकडे हलवा असा होईल, हे छातीवर हात ठेवून सांगा. वासाची तक्रार तुमच्या बिल्डिंगमधून कधी गेली नाही?

पूर्वेकडची

गेली आहे. दोन वर्षांपूर्वी. पत्रावर आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आहेत, माझीही आहे. तेव्हा मी आतून ते शौचालय पाहिलं नव्हतं.

तुमचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. दुपारपासून विचार करतेय. मतदारयादीऐवजी तिथे राहणाऱ्यांची यादी असावी, भाजीवाल्या, भाडेकरू सगळे, इतकंच सुचतंय. पण कायदा बदलेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय. अर्जाचं उत्तर आलं की कागद लोकांसमोर वाचायचे. सोसायटीचं ऑफिस मिळेल रविवारी सकाळी.

भाडेकरू

सोसायटीच्या ऑफिसात मावशी येणार नाहीत. दारात चप्पल काढून उभ्या राहतील. आणि रविवार सकाळ म्हणजे घरकामवाल्या बायकांचा सगळ्यात धावपळीचा वेळ.

निवृत्त उपअभियंता

अजूनही असहमत आहे, हे आधी सांगतो. पण मोजमाप पुस्तिका तुम्हाला नुसती वाचून कळायची नाही. कोणता आकडा कशाला गुणलाय हे समजावून सांगावं लागतं. टेप घेऊन फूटपाथ मोजायचा आणि पानावरच्या लांबी-रुंदीशी ताडून बघायचा. मी येईन. मावशींच्या मुलीला सोबत घ्या, दहावीचं गणित त्याला पुरतं. झाडाभोवतीच्या सिमेंटसाठी मात्र तोवर थांबू नका, उद्याच उद्यान खात्याला फोटोसह अर्ज द्या. पावसाआधी फोडलं तर झाड वाचेल.

पूर्वेकडची

अर्ज आत्ताच लिहिला, काका. सभा माहिती अधिकाराचं उत्तर आल्यावरच्या रविवारी रात्री नऊला, कामं आटपल्यावर, शौचालयासमोरच्या मोकळ्या जागेत. सतरंज्या आमच्या बिल्डिंगच्या. मेथीवाल्या ताईंना बोलवायचं काम भाडेकरूदादा तुमचं, त्या आमच्या इथल्या नसल्या तरी चालेल.