मदत हवी आहे: सिस्टरांना नैराश्याच्या फॉर्मवरचा नववा प्रश्न विचारायला कसं शिकवू?

नमस्कार. नाशिकला सातपूरमध्ये माझा दवाखाना आहे. दोन सिस्टर आणि केसपेपर काढणाऱ्या मावशी. पेशंट बहुतेक एमआयडीसीतले कामगार नि त्यांच्या घरचे. 'मला नैराश्य आलंय' असं कुणीच सांगत नाही. अंग दुखतं, झोप नाही, धडधडतं, जेवण जात नाही. रिपोर्ट नॉर्मल आले की 'ताकदीची गोळी द्या'.

म्हणून पीएचक्यू सुरू केलं, म्हणजे नैराश्य ओळखायला मदत करणारे नऊ प्रश्न, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. आधी गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे पहिले दोनच प्रश्न. बेरीज ३ किंवा जास्त आली की पूर्ण नऊ. २७ पैकी १० वा जास्त आले की मी स्वतः निवांत बोलते. आकडा म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, दारू, सगळंच बघावं लागतं.

बेरीज सिस्टरांना एका दुपारीत जमली. अडलंय ते विचारण्यात. 'रस वाटतो का' कुणाला कळत नाही. 'कशातच मन लागत नाही असं होतं का' म्हटलं की लगेच कळतं. सुनेला विचारलं की उत्तर सासूबाई देतात.

आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का. सगळ्या फॉर्मवर तिथे ०! गेल्या महिन्यात एक बाई आल्या, बेरीज १४, नववा ०. आत आल्यावर रडत म्हणाल्या, रोज मनात येतं. त्यांना प्रश्न विचारलाच नव्हता. आता त्यांच्यावर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, पण तो फॉर्म माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सिस्टरांना मी दोष देत नाही. भर गर्दीत, काउंटरवर असं कोण विचारेल? शिवाय भीती: 'मॅडम, आपण विचारलं आणि त्यांच्या डोक्यात आलं तर? पोलीस केस झाली तर?' विचारल्याने असे विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, हे समजावलं. नुसत्या विचारांवरून केस होत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्तीही तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, हेही सांगितलं.

आता प्रश्न ड्रेसिंगच्या खोलीत, दार लावून, नातेवाईक बाहेर. नवव्याला ० सोडून काहीही उत्तर आलं तर पेशंटला एकटं सोडायचं नाही, मला हातातलं काम थांबवून बोलवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर आहे.

तरी सराव जमत नाही. मी पेशंट होऊन बसले की दोघी लाजतात, 'मॅडम' म्हणून थांबतात. तुमच्याकडे पेशंटची भूमिका कोण करतं? किती वेळा केल्यावर जीभ अडखळायची थांबली? असं ऐकून घरी गेलेल्या सिस्टरला रात्री झोप लागली नाही, तिला कसं सांभाळता?

धाकटी सिस्टर काल म्हणाली, 'विचारेन मॅडम. पण ती हो म्हणाली तर मी पुढचं वाक्य काय बोलू?' तुम्ही तुमच्या लोकांना कोणतं वाक्य दिलंय? जसंच्या तसं लिहा, आपल्या मराठीत.