परलोकात बायकोला शोधणाऱ्याची जुनी गोष्ट आहे का?

खानापूरची_लेक
नमस्कार मंडळी. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, बाबा खानापुरात एकटेच असतात, मी बेळगावात, आणि हल्ली फोन केला की एकच विचारायलेत, मी वर गेलो की तुझी आई कुठं सापडंल गं, एवढी माणसं असणार तिथं, आणि ती लग्नातल्या वयाची असली तर मला म्हाताऱ्याला ओळखंल का. नुसतं 'होय हो सापडंल' म्हणून फोन ठेवायला जीव होत नाही. मेल्यानंतर आपल्या माणसाला तिथं शोधलंय अशी गोष्ट असली तर सांगा, वाचून दाखवीन. सावित्री नको, ती त्यांना पाठ आहे.

शहापूरकर
ताई, सावित्री तशीही यमलोकापर्यंत गेलीच नाही, वाटेतच नवऱ्याला सोडवलं तिनं. बाबांचा प्रश्न युधिष्ठिराचा आहे. महाभारताचं शेवटचं, 18वं पर्व बघा, स्वर्गारोहण. धर्मराज स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन थाटात बसलेला, भाऊ नाहीत, द्रौपदी नाही. म्हणतो मला हा स्वर्ग नको, ती माणसं आहेत तिथं न्या. देवदूत नेतो तो रस्ता अंधारा, कुजका वास, रक्तमांसाचा चिखल. सहन होईना म्हणून परत फिरतो तेवढ्यात हाका येतात, जरा थांब, तू आलास तशी गार झुळूक लागली आम्हाला. आणि ऐका, त्याला ते आवाज ओळखू येत नाहीत! कोण तुम्ही म्हणून विचारतो, मग एकेक जण नाव सांगतो, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. मग देवदूताला सांगतो, तू जा, मी इथंच राहतो. ती सगळी माया होती हे नंतर कळतं, पण राहायचं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. बाबांना हेच सांगा, ओळखायचं काम एकट्या त्यांचं नाही, आई हाक मारतील की.

चिकोडी_एक्स्प्रेस
ग्रीक लोकांचा ऑर्फियसपण बायकोला आणायला पाताळात जातो, पण वर येताना मागं वळून बघितलं म्हणून ती कायमची जाते. ती नका वाचू त्यांना.

निपाणीची_सून
गरुडपुराणपण नको गं बाई. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यापर्यंत घरात वाचन होतं, मामंजींनी वैतरणीचं वर्णन ऐकलं आणि धास्तीच घेतली, 'तिला ओढा ओलांडायला हात धरायला लागायचा, ही नदी कशी पार केली असंल' म्हणत रात्र रात्र बसून असायचे. शेवटी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, मामंजी, गाय दान दिलीया की आपण, शेपूट धरून गेल्या असतील. त्या रात्री झोपले. तेव्हा वाद घालत बसू नका, त्यांच्याच भाषेत उत्तर द्या. आणि आपली सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजे रेणुकाआई, हाय की, नवरा जमदग्नी गेले म्हणून रांडाव पुनवेला देवीच्या बांगड्या फुटतात, अहेव पुनवेला परत चुडा भरतात, जमदग्नी परत मिळाले म्हणून. सौंदत्तीला घेऊन जा त्यांना.

खानापूरची_लेक
शहापूरकर दादा, काल रात्री फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ती मला नावानं हाक मारत नव्हती गं, 'अवं' म्हणायची, तेवढ्यावर कळंल मला. वहिनी, सौंदत्तीला न्यायचं मनात आहे पण गुडघे धरलेत त्यांचे, गर्दी कधी कमी असते?

निपाणीची_सून
पुनव टाळा, मंगळवार-शुक्रवारपण टाळा. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर निवांत दर्शन होतंय.