रेसआधी दोन दिवस घरी बसायचं ते नक्की कशासाठी?

घाटमाथा
येत्या रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन, घाटातली एकवीस किमी. कोचनी आठवड्याचा प्लॅन पाठवलाय: बुधवारी हलके सहा किमी, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी सुट्टी, शनिवारी "पाय मोकळे करा". सलग दोन दिवस सुट्टी! गेली चार वर्षं सोमवार सोडला तर मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर असतो. आता ऐन मोक्याच्या आठवड्यात घरी बसून चहा पीत बसू?

गेल्या वर्षी ऐकलं होतं. गुरुवार ते शनिवार एक पाऊल धावलो नाही. रविवारी समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरच्या घाटाला लागलो आणि पाय म्हणजे लाकडाचे ओंडके. पहिले तीन किमी नुसती ओढाताण. माझी तक्रार एवढीच: पूर्ण सुट्टी ही ज्यांचा सराव झालेला नसतो त्यांची सोय आहे. ज्याला सवय आहे त्याने धावावं. १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेला रॉन हिल डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत रोज धावला. एक दिवस खाडा नाही. त्याला कुणी टेपर, म्हणजे रेसआधी सराव उतरवत नेणं, शिकवलं होतं का?

पहाटवारा
+१. माझेही सलग हजाराच्या वर दिवस झालेत. न धावलेल्या दिवशी चिडचिड होते, झोप लागत नाही. रेसच्या आदल्या रात्री जागं राहण्यापेक्षा सकाळी पाच किमी धावून घेतलेले बरे.

सावकाश
घाटमाथा, मी फिजिओ आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी रॉन हिल. त्याचा रोजचा किमान नियम एक मैलाचा होता, म्हणजे १.६ किमी. पायाला प्लास्टर होतं तेव्हाही तो तेवढं अंतर लंगडत गेला. त्याला जिद्द म्हणा, सराव नका म्हणू. आणि साखळी तुटली ती शेवटच्या दिवशी धावताना छातीत दुखायला लागलं म्हणून.

आता तुमचे ओंडके. धावणं कमी झालं आणि जेवण तेवढंच राहिलं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेच्या रूपातलं इंधन, साठतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. वजनकाटा किलो-दीड किलो वर जातो, पाय भरल्यासारखे वाटतात, आणि माणूस घाबरून धावायला जातो. अहो, ती टाकी भरलीय! घाटात दोन तास तीच लागणार आहे.

उदाहरण हवं तर चेक धावपटू एमिल झाटोपेकचं घ्या. १९५० ची युरोपियन स्पर्धा ब्रसेल्सला होती. त्याआधी तो अन्नातून विषबाधा होऊन सुमारे दोन आठवडे इस्पितळात होता, शर्यतीच्या जेमतेम दोन दिवस आधी बाहेर आला. दहा हजार मीटर मिनिटभराहून जास्त फरकाने जिंकला, मग पाच हजारही जिंकला. त्या सक्तीच्या विश्रांतीची चर्चा टेपरच्या संदर्भात अजून होते.

घाटमाथा
ताई, एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. झाटोपेक वर्षभर जेवढं धावायचा तेवढं आपला अख्खा ग्रुप मिळून धावत नाही. त्याला दोन आठवडे खाट मिळाली हे त्याच्या पथ्यावर पडलं असेल. मी आठवड्याला ४० किमीवाला माणूस. माझं साठलेलं असतं तरी किती, की विश्रांतीने वर यावं?

सावकाश
हा मुद्दा मान्य. टेपरवरचे बहुतेक अभ्यास स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंवरचेच आहेत. २००७ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यातून निघालं ते असं: साधारण दोन आठवडे अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी उतरवत न्यायचं, वेग कमी करायचा नाही, आणि आठवड्यात किती वेळा धावता तेही कमी करायचं नाही.

घाटमाथा
थांबा थांबा. "किती वेळा धावता तेही कमी करायचं नाही." म्हणजे मी म्हणतोय तेच की!

सावकाश
अर्धंच. तुम्ही रोज जाल, कबूल. पण दहाच्या जागी चार-पाच किमीवर परत फिराल का? खरं सांगा.

गुडघेदुखे
नाही फिरणार. मी फिरलो नव्हतो.

मुंबईची फुल मॅरेथॉन, रविवारची. बुधवारी "फक्त सहा" म्हणून बाहेर पडलो. हवा गार होती, पाय छान चालत होते, एक ओळखीचा भेटला, त्याच्या नादाने अठरा झाले. वर घड्याळात पेस बघून खूशही झालो. रविवारी तिसाव्या किमीपर्यंत राजासारखा होतो. परतीच्या पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत एकदम पेटके. कठड्याला धरून उभा होतो, आणि एक शाळकरी पोरगी संत्र्याची फोड पुढे करून "अंकल, थोडंच राहिलंय" म्हणत होती. दोष सगळा बुधवारचाच होता असं छातीठोक नाही सांगणार, पण रविवारचे पाय बुधवारीच वापरून टाकले एवढं नक्की. आमच्यासारख्यांना "अर्धंच धाव" जमत नाही, "धावूच नको" जमतं. म्हणून कोच सरळ सुट्टी लिहितात.

पहाटवारा
हे म्हणजे गोड कमी खायला जमत नाही म्हणून घरातली साखरच फेकून द्या. स्वतःवर एवढाही ताबा नसेल तर रेस कशाला?

गुडघेदुखे
दादा, डब्यात साखर नसणं हाच माझा ताबा.

निशिगंधा
वरचं सगळं वाचलं. एक विचारते: सुट्टीच्या दिवशी तुम्ही पुरुष मंडळी नेमकं काय करता?

कारण माझा रेस्ट डे असा असतो: साडेपाचला डबे, मग तीन मजले जिना, ऑफिस, संध्याकाळी भाजी. ही रेस नेमकी गणपतीच्या आसपास. त्या आठवड्यात घर झाडणं, पितळेची भांडी घासणं, सासूबाईंसोबत करंज्या लाटत ओट्याशी अडीच-तीन तास उभं राहणं. धावले नाही तरी रात्री तळपाय ठणकत असतात. मागे एकदा बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला रेसच्या एक्स्पोत गेले आणि चार तास स्टॉल बघत फिरले, तोही माझा "विश्रांतीचा" दिवस. त्यापेक्षा सकाळची वीस मिनिटं हळू धावणं हीच खरी विश्रांती वाटते, निदान कुणी हाक तरी मारत नाही. धावावं की नाही यावर इतकं भांडताय, बाकीचा दिवस कुणी मोजणार आहे का?

सावकाश
निशिगंधा, याला माझ्याकडे उत्तर नाही. प्लॅन लिहिताना मी स्वतः कुणाला ओट्याशी किती तास उभ्या असता हे विचारलेलं नाही. आता विचारेन.

घाटमाथा, एक राहिलं. टेकडी शेवटची कधी केली?

घाटमाथा
आज सकाळी. दोनदा. का?

सावकाश
आज मंगळवार! साताऱ्याला सगळे चढाची तयारी करतात आणि मांड्या जातात उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, प्रत्येक पावलाला ब्रेक. घाट उतरणाऱ्या एसटीचे ब्रेक तापतात ना, तसंच. त्यातून स्नायूत बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी जोरात येतं. टेकडी दहा दिवस आधी थांबायला हवी होती. गेल्या वर्षीही रेसच्या आठवड्यात टेकडी केली होती का?

घाटमाथा
बुधवारी केली होती. मग तीन दिवस सुट्टी, मग ओंडके.

बरं. म्हणजे मी ज्या तीन दिवसांच्या सुट्टीवर खापर फोडत होतो, दोष तिचा नव्हताच बहुतेक. तरी सलग दोन दिवस बसणं मला पटलेलं नाही, हे लिहून ठेवतो. उद्या सपाटीवर सहा, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी चार किमी आणि शेवटी पाच-सहा छोट्या स्ट्राइड्स (थोड्या अंतराच्या वेगवान धावा), शनिवारी वीस मिनिटं. कोचना कळवलंय, त्यांनी नुसता अंगठा पाठवलाय.

पहाटवारा
गुरुवार घेतलाच शेवटी. शोभलं नाही.

घाटमाथा
गुरुवार जाहीर केल्याकेल्या बायको म्हणाली, घरी आहेस तर माळ्यावरून मखराचं खोकं काढ. शिडीवर चढायचं की खाली शिडी धरायची, यावर फिजिओताईंनी मत द्यावं.

सावकाश
धरा.

निशिगंधा
म्हणजे चढणार कोण?