'सीमांत खर्च' मधला सीमांत

प्रश्न : कराडला बारावीला अर्थशास्त्र शिकवते. 'सीमांत खर्च' म्हटलं की मुलांना 'सीमांत शेतकरी' आठवतो आणि पेपरात 'अगदी थोडा खर्च' असं लिहून येतात. त्याऐवजी 'वाढीव खर्च' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ताई, मुलांची गफलत समजण्यासारखी आहे. सीमांत शेतकरी म्हणजे एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला, जमीनधारणेच्या अगदी कडेचा. अर्थशास्त्रातही कडच आहे, पण उत्पादनाची. आत्ता जिथवर माल काढलाय तिथून पुढे सरकताना खर्च किती वेगाने चढतो, तो सीमांत खर्च. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ व्हीझर यांनी १८८४ मध्ये सीमांत उपयोगितेसाठी 'ग्रेन्झनुत्सन' हा जर्मन शब्द वापरला, त्यातल्या 'ग्रेन्झ'चा अर्थही सीमाच. (केसांतला भांग तो 'सीमंत'. तिथे 'म'ला काना नाही.)

'वाढीव' मला पटत नाही. 'वाढीव खर्चाला मंजुरी' आपण रोज वाचतो, तिथे अंदाजपत्रकाबाहेर गेलेला खर्च असतो.

गुऱ्हाळावरून सांगून बघा. ऊस शेतकऱ्याचा, आपण फक्त गाळून गूळ करून द्यायचा. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी आटवलेला रस ते एक आधण. दिवसाला x आधणं निघाली तर खर्च ४००० + १५००x + ५०x² रुपये धरू (आकडे समजण्यापुरते). याचं विकलन केलं, म्हणजे x बरोबर खर्च कोणत्या वेगाने वाढतो ते काढलं, की १५०० + १००x. चुलवाण, काहिलीचे ४००० गळून पडले, कारण आधण वाढलं म्हणून ते वाढत नाहीत. हे मुलांना थांबून दाखवाच. सहा आधणांवर सीमांत खर्च २१०० रुपये. सरासरी मात्र १४८०० भागिले ६, म्हणजे सुमारे २४६७. सातवं आधण २३०० रुपयांत करून द्या असं कुणी म्हणालं, तर सरासरी बघणारा नाही म्हणेल. पण पुढच्या आधणाचा खर्च २१०० च्या आसपासच, म्हणून परवडतं.

शंका : सातव्याचा खर्च मोजला तर २१५० येतो. मग २१०० कुठले?

उत्तर : बरोबर पकडलंत. २१५० हा अख्ख्या एका आधणाचा फरक. २१०० हा सहावर उभं असतानाचा चढाचा वेग, तेच विकलज. सहा ते सात जाताना चढ वाढतच जातो, म्हणून फरक थोडा जास्त भरतो. पोत्यांनी, हजारांनी मोजायच्या मालात दोन्ही जवळजवळ एकच होतात. पेपरात 'सीमांत'च लिहायला लावा. तोंडी मात्र 'पुढच्या आधणाचा खर्च' म्हणा.

प्रश्नकर्ती : आज असंच सांगितलं. मागच्या बाकावरचा, घरचं गुऱ्हाळ असलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, सातव्याला रात्रीचे गडी लागतात, म्हणून चढतो." x² कुठून आला ते त्यानंच वर्गाला समजावलं.