मंगळवार पेठेतल्या माडीवर प्रोजेक्टर बसवायचा आहे, सल्ला हवा

माडीवरचा:
नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, जुनं, दुमजली. वरची माडी रिकामी झालीय, तिथं प्रोजेक्टर बसवायचा विचार आहे. कारणं दोन. एक, ११ जून २०२६ पासून फुटबॉलचा विश्वचषक. ४८ संघ, १०४ सामने, आणि अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत असल्यामुळं आपल्याकडं ते रात्री उशिरा, पहाटे नाहीतर सकाळी. गल्लीतल्या पोरांनी कोण कुठं बसणार हे आत्ताच ठरवून टाकलंय.

दुसरं कारण माझ्यासाठी मोठं आहे. आमचे अण्णा इथल्या एका थेटरात ३१ वर्षं ऑपरेटर होते. आता वय ७६. टीव्हीवर सिनेमा लावला की पाच मिनिटांत उठून जातात. "ह्याला सिनेमा बघणं म्हणत न्हाईत" एवढंच बोलतात. त्यांना एकदा अंधारात, पडद्यावर, त्यांच्या काळातला कृष्णधवल सिनेमा नीट दाखवायचा आहे.

खोली ११ फूट रुंद, १६ फूट लांब. वर कौलं, त्याखाली लाकडी तुळया. खिडक्या तीन: पूर्वेला एक, पश्चिमेला दोन. बजेट ५० हजार, फार ओढाताण केली तर ६०. ऑनलाइन ८ हजारांत '१२००० लुमेन, फोर के' लिहिलेले दिसतात. दुकानात ५० हजारांना '३५०० लुमेन' सांगतात. मग महाग तो कमी उजेडाचा कसा? काही उलगडा होईना. जाणकारांनी सांगावं.

तांबडापांढरा:
दादा, ते ८ हजारवालं घेऊ नका. मी घेतलं होतं, म्हणून सांगतोय. खोक्यावर मोठ्ठे आकडे, आणि लावल्यावर संध्याकाळी सात वाजता ट्यूबलाइट बंद करूनही बॉल कुठं आहे ते दिसेना. हिरवं मैदान राखाडी. खोक्यावर 'फोर के सपोर्ट' होतं. त्याचा अर्थ फोर केचं चित्र ते आत घेतं एवढाच. पडद्यावर टाकतं ते आपल्या मूळ रिझोल्यूशनला, माझ्या यंत्रात ८५४ बाय ४८०. स्कोअरचे आकडेसुद्धा फुटलेले. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' किती, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका. १९२० बाय १०८० च्या खाली जाऊ नका.

उजेडवाला:
शाळा, हॉल, घरं मिळून पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, लुमेन. खरा आकडा अँसी किंवा आयएसओ लुमेनमध्ये दिलेला असतो. पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. नुसतं 'लुमेन' किंवा 'एलईडी लुमेन' लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. स्वस्तातल्या त्या यंत्रांचा खरा उजेड बऱ्याचदा दोन-तीनशे अँसीच्या आसपास निघतो.

आता तुम्हाला किती लागेल? अण्णांना विचारा, त्यांना हे माहीत असेल: फिल्मच्या काळात मशीनमध्ये रीळ न घालता नुसता उजेड पडद्यावर टाकून मोजायचे, आणि १६ फूट-लॅम्बर्ट (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) हे प्रमाण धरायचे. हिशोब सोपा आहे. लुमेनला पडद्याच्या चौरस फुटांनी भागायचं. १०० इंची पडदा म्हणजे ८७ इंच रुंद, ४९ इंच उंच, साधारण ३० चौरस फूट. ३० गुणिले १६ म्हणजे ४८०. काळोख असेल तर ४८० खऱ्या लुमेनमध्ये थेटराइतका उजेड मिळतो! मग दुकानदार ३५०० का सांगतो? कारण तो आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो, त्यात चित्र हिरवट दिसतं. सिनेमा मोड आणि इको लावलं की साधारण निम्मा उरतो. आणि दिव्याचं आयुष्य संपलं असं कंपनी म्हणते तेव्हा त्याचा उजेड मूळच्या निम्मा झालेला असतो. म्हणजे ३००० चे १५००, त्याचे पुढं ७५०. म्हणून २५०० ते ३५०० अँसी घ्या, शेवटच्या दिवसापर्यंत पुरेल.

पण एक लक्षात घ्या, प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. उजेड नसतो तिथं पडदा जसा आहे तसाच दिसतो. खोलीत उजेड असेल तर सिनेमातली रात्र राखाडी होते, मग यंत्र कितीही भारी असू दे. जूनमध्ये आपल्याकडं सहाच्या सुमारास उजाडतं. पहाटेचे सामने बघायचे असतील तर पूर्वेच्या खिडकीला जाड ब्लॅकआउट पडदा हवाच, आणि तो चौकटीच्या बाहेर चारी बाजूंनी सहा-सहा इंच जायला हवा. फटीतनं येणारी एक तिरीप पुरते चित्र धुऊन टाकायला. पडद्यासमोरच्या भिंती पांढऱ्या असतील तर त्याही उजेड परत फेकतात. जमलं तर गडद रंग द्या.

शाहूपुरीकर:
उजेडवाल्यांशी सहमत. कुठल्या जातीचं यंत्र घ्यायचं, यावर थोडं. या बजेटमध्ये दोनच: डीएलपी (बेनक्यू, व्ह्यूसॉनिक वगैरे) आणि थ्री-एलसीडी (एप्सन). एका चिपच्या डीएलपीत रंग एकापाठोपाठ एक पडतात, त्यामुळं काही लोकांना नजर झटकन फिरवली की पांढऱ्या कडांशी इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. माझ्या बायकोला दिसते, मला आजवर कधी दिसली नाही. कृष्णधवल सिनेमात तर पांढरं-काळं शेजारी शेजारी असतं, तिथं ती जास्त खुपते. अण्णांना दुकानात नेऊन दाखवल्याशिवाय डीएलपी घेऊ नका. थ्री-एलसीडीत हा त्रास नाही, पण फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी साफ करावा लागतो. कौलारू माडी म्हणजे धूळ आलीच.

आणि ज्या गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, त्या गावातला माणूस म्हणून कळकळीनं सांगतो: जुना सिनेमा ताणून बघू नका. त्या काळचं चित्र साधारण ४:३ असतं. १०० इंची पडद्यावर ते मधोमध ६५ इंच रुंद बसतं, दोन्ही बाजू काळ्या राहतात. राहू द्यात. प्रोजेक्टरच्या आस्पेक्टमध्ये 'फुल' असेल तर 'ऑटो' करा, नाहीतर सगळ्यांचे चेहरे पसरट होतात.

कागलकरीण:
आवाजाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. प्रोजेक्टरमधला स्पीकर ५-१० वॉटचा, पंख्याच्या घरघरीत बुडतो. बाहेरचे स्पीकर घ्या, पण ब्लूटूथनं नको, तारेनं जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज मागं पडतो आणि ओठ आधी हलतात. सामन्यात खपून जातं, सिनेमात जीव नकोसा होतो. स्पीकर पडद्याच्या बाजूलाच ठेवा, आवाज चेहऱ्याच्या दिशेनं आला पाहिजे.

दुसरं, मोबाइलवरून चित्र पाठवायच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच ॲपांत आवाज येतो आणि चित्र काळं, कारण कॉपी रोखायची सोय आड येते. स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयमध्ये लावा आणि तिला तिचाच ॲडाप्टर द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीवर चालवली तर मध्येच बंद पडून परत सुरू होते. आमच्या शाळेत हे शोधायला आम्ही दोन दिवस घालवले.

माडीवरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना १६ फूट-लॅम्बर्टचं वाचून दाखवलं. त्यांना आकडा आठवत नव्हता, पण म्हणाले, "कार्बन नीट जळत नसला की पडद्याचं कोपरं मळकट व्हायचं. आमी कोपरंच बघायचो, मधलं कोन बी बघतंय." (त्यांच्या मशीनमध्ये दिव्याऐवजी कार्बनच्या कांड्या जळायच्या.) आणि एक अट घातलीय: मशीन मागच्या भिंतीलाच पायजे, केबिनसारखं, डोक्यावर नको. मागच्या भिंतीला फळी ठोकून चालेल का? भिंत मातीची आहे.

उजेडवाला:
अण्णांना नमस्कार सांगा. कोपऱ्याचं अगदी बरोबर बोलले, मी पण कोपरे बघूनच यंत्र पास करतो.

पण मागच्या भिंतीचं जमणार नाही, का ते सांगतो. प्रत्येक यंत्राचा थ्रो रेशो असतो: अंतर भागिले चित्राची रुंदी. घरगुती यंत्रांत तो साधारण १.२ ते १.५ च्या दरम्यान असतो. मागच्या भिंतीपासून लेन्सपर्यंतची जागा सोडली तर तुमचं अंतर साडेचौदा फूट, म्हणजे १७४ इंच. १.५ नं भागलं तरी चित्र ११६ इंच रुंद, जवळजवळ पावणेदहा फूट. ११ फुटी भिंतीवर स्पीकरलासुद्धा जागा उरणार नाही, आणि उजेड तेवढ्या क्षेत्रावर पसरून पातळ होईल. थेटरातल्या मशीनला लांबची लेन्स बदलून लावता यायची, या यंत्रांना येत नाही. ८७ इंच रुंदीसाठी लेन्स पडद्यापासून पावणेनऊ ते पावणेअकरा फुटांवर हवी. तिथं एखादी तुळई येते का मोजा. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, लाकडात उत्तम धरतो.

माडीवरचा:
मोजलं. तिसरी तुळई बरोबर साडेनऊ फुटांवर. ११४ भागिले ८७ म्हणजे १.३१. बसतंय!

उजेडवाला:
मग झालं. आता बसवण्याचा क्रम, हा चुकवू नका. तुळईला उलटा टांगा आणि मेन्यूत 'सीलिंग' करा. लेन्स पडद्याच्या मध्यरेषेवर, यंत्र दोन्ही बाजूंनी समतल, पडद्याला काटकोनात. उलट्या यंत्राचं चित्र लेन्सच्या खाली पडतं, किती खाली ते मॅन्युअलमधल्या तक्त्यात असतं, त्याप्रमाणं दांडीची लांबी ठरवा. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. कीस्टोनला हात लावू नका. ते चित्र सरळ करतं असं वाटतं, प्रत्यक्षात ते चिपवरचे काही पिक्सेल बंद ठेवून उरलेल्यात चित्र कोंबतं. अक्षरं मऊ पडतात, उजेडही वाया जातो. ऑटो कीस्टोन असेल तर तेही बंद करा.

फोकस सगळ्यात शेवटी, आणि यंत्र वीस मिनिटं चालू ठेवून मगच. लेन्स तापली की फोकस थोडा सरकतो.

पडद्याला खर्च करायची घाई नको. आधी भिंत गुळगुळीत करून मॅट पांढरा रंग द्या, चकाकी अजिबात नको. भोवती दोन-तीन इंच काळ्या मखमलीची पट्टी चिकटवा. त्या पट्टीनं चित्र एकदम उठून येतं.

शाहूपुरीकर:
पावसाळ्याची एक गोष्ट. लाइट गेली की पंखा थांबतो आणि दिवा तापलेलाच राहतो, त्यानं दिव्याचं आयुष्य कमी होतं. यूपीएस किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टरवर घ्या. दिव्याचं यंत्र अडीचशे-तीनशे वॉट घेतं, त्या हिशोबानं. आणि यंत्र खोक्यात बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या जुलैच्या ओलीत लेन्सवर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा तासभर तरी चालवा.

तांबडापांढरा:
सेकंडहँड बघणार असाल तर मेन्यूत दिव्याचे तास बघा. दिव्याची किंमत विचारूनच सौदा करा.

माडीवरचा:
मंडळी, काल बसवला. थ्री-एलसीडी, ३००० अँसी, नेटिव्ह फुल एचडी, बजेटमध्ये बसला. दुकानात डीएलपीही पाहिलं. अण्णांनी मान इकडंतिकडं फिरवली आणि म्हणाले, "ह्यात रंग उडत्यात." त्यांना दिसलं.

तुळईला दांडी बसवायला सकाळचे चार तास गेले. पूर्वेच्या खिडकीला दुहेरी पडदा, पश्चिमेच्या दोन्हींना प्लायवूड. भिंतीला रंग देऊन काळी मखमल लावली. दुपारी दोन वाजता दार लावलं तर हात दिसेना, तेव्हाच कळलं की काम झालं.

रात्री गल्लीतलं कुणी बोलावलं नाही. फक्त आम्ही घरचे. कृष्णधवल सिनेमा, आस्पेक्ट ऑटो. वीस मिनिटं आधी यंत्र लावून ठेवलं होतं. अण्णा भिंतीजवळ गेले, चारही कोपऱ्यांत नाक लावून नावांची अक्षरं बघितली, मला फोकसची कडी दोनदा हलवायला लावली, मग "आता हात लावू नकोस" म्हणाले आणि सतरंजीवर बसले.

साधारण वीस मिनिटांनी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका चमकून गेला. मी पाहिलासुद्धा नाही. अण्णांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि अधांतरी थांबला. थोड्या वेळानं दुसरा ठिपका आला तसा हात खाली आला, जसा काही खटका ओढला. आईनं विचारलं काय झालं. म्हणाले, "रीळ बदललं. पहिल्या ठिपक्याला दुसरी मशीन सुरू करायची, दुसऱ्याला बदलायचं. मधी सात सेकंदं मिळायची."

सिनेमा संपेपर्यंत उठले नाहीत. प्रत्येक रिळाला हात उठत होता.

कागलकरीण:
दादा, अण्णांच्या आवाजात हे सगळं रेकॉर्ड करून ठेवा. कार्बन, रिळं, केबिन, सगळं. आमच्या शाळेतल्या पोरांना दाखवायचं आहे, आणि अण्णांची तब्येत साथ देत असेल तर गाडी पाठवते.

माडीवरचा:
विचारलं. येतो म्हणालेत. फक्त वर्गात अंधार होतोय का, ते आधी बघून कळवा असं सांगितलंय.